कोपराच्या खाली काही नको

मी आयुष्यात एकदाच नियम लिहिले आहेत. बाकी सगळा जन्म दुसऱ्यांनी लिहिलेले नियम पाळण्यात गेला, त्यामुळे असेल कदाचित, पण ते काम मला भलतंच आवडलं. रविवारी जेवण झाल्यावर बसले ती चहाच्या वेळेपर्यंत दोन पानं भरून मोकळी झाले. वडिलांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "छान आहे. पण तुझ्या हाताखालच्या पोरींची मला दया येते."

मी बनारसमधल्या एका खाजगी इस्पितळात ऑपरेशन थिएटरची इन्चार्ज सिस्टर आहे. घर दुर्गाघाटाच्या गल्लीत. आमचे पूर्वज इथे पूजापाठासाठी आले आणि इथलेच झाले. मराठी घरात उरली, बाहेर सगळी हिंदी, आणि घरातल्या मराठीतही निम्मी हिंदी कधी शिरली ते कोणाला कळलं नाही. वडील महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी करायचे, कधी अमृतराव घाटावर, कधी दशाश्वमेधावर. आता पायऱ्या झेपत नाहीत म्हणून घरी असतात आणि माझ्यावर लक्ष ठेवतात. राग माझ्या नाकावर असतो हे आधीच सांगून टाकते. थिएटरात दोन गोष्टी सतत उकळत असतात, एक हत्यारांचा डबा आणि दुसऱ्या दीदी, असं पोरी माझ्यामागे म्हणतात. मला ऐकू येतं.

नियमांचं कारण असं झालं की त्या हिवाळ्यात पाठोपाठ दोन रुग्णांचे टाके चिघळले. दोघेही बरे होऊन घरी गेले, पण इस्पितळाचे प्रशासक हादरले, कारण पुढच्या महिन्यात बाहेरून तपासणीला माणसं येणार होती. थिएटरात कोणी काय घालून यायचं ते लिहून द्या, असं त्यांनी मला सांगितलं. तोवर आमचे नियम तोंडीच होते, आणि तोंडी नियमांचं जे होतं तेच होत होतं. थंडीत कोणी घरचा स्वेटर आत घालून यायचं, कोणी अंगठीवरूनच हातमोजा चढवायचं. मी लिहिलं, घरून आणलेलं कुठलंही कापड थिएटरच्या लाल रेषेच्या आत येणार नाही. आणि कोपराच्या खाली काही नको. बाही नको, बांगडी नको, घड्याळ नको, अंगठी नको.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर कोणी एक व्यक्ती नव्हती, असं मी पुढे आठ दिवस सगळ्यांना सांगत होते. ते खोटं होतं. माझ्या डोळ्यांसमोर एकच जण होती.

ती आमच्याकडे येऊन तीन वर्षं झाली होती. विणकरांच्या मोहल्ल्यातली मुसलमान मुलगी, तिशीच्या आतली. घरात दोन माग, वडील आणि भाऊ साड्या विणणारे. शिकून नोकरीला लागलेली घरातली ती पहिलीच. डोक्याला रुमाल घट्ट बांधून यायची आणि त्यावरून थिएटरची टोपी घालायची. हिरव्या ड्रेसच्या आत मनगटापर्यंत बाह्यांचं काहीतरी असायचं, हात धुताना त्या बाह्या ती जेमतेम वर सारायची. मला हे दिसत होतं आणि मी ते चालू देत होते, कारण तिचं काम.

तिच्या कामाबद्दल सांगायला मला आवडतं. ऑपरेशनच्या टेबलाशी सर्जनच्या हातात हत्यारं देणारी सिस्टर असते, ती ही. बाकीच्यांना हत्यार मागावं लागतं, हिला मागावं लागत नसे. आमचे मोठे सर्जन रागाच्या बाबतीत माझे थोरले भाऊ शोभतील असे आहेत, चुकीचं हत्यार हातात आलं की ते फेकून देतात. हिच्या टेबलावर त्यांनी कधी काही फेकलं नाही, बिचाऱ्यांना निमित्तच मिळायचं नाही. एकदा पोट शिवायच्या आधी ती म्हणाली की कापडी घड्यांमध्ये एक कमी आहे. सर्जन म्हणाले, मोजायला चुकली असशील. ती म्हणाली, "सर, एक कम है।" ते ओरडले. ती त्याच आवाजात पुन्हा म्हणाली, "सर, एक कम है।" तिसऱ्या वेळी त्यांनी सुई खाली ठेवून शोधलं, आणि घडी यकृताच्या मागे सापडली. तेव्हापासून मी तिला मानत होते. मनातून मानत होते, तोंडाने कधी बोलले नाही. तोंडाचा माझ्याकडे वेगळा उपयोग असतो.

सोमवारी सकाळी मी नियम सगळ्यांसमोर वाचले. सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मग सगळ्यांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं. मी तिला माझ्या खोलीत बोलावलं. पुढच्या सोमवारपासून रुमाल आणि बाह्या चालणार नाहीत, जमत नसेल तर तिला नोंदणीच्या काउंटरवर पाठवावं लागेल, तिथे रुमाल चालतो, असं सांगितलं. मी हे अगदी प्रेमाने सांगत होते, निदान मला तसं वाटत होतं.

"दीदी, नियम ठीक है," ती म्हणाली.

मी भांडणाची तयारी करून बसले होते, माझा विरसच झाला. ती पुढे म्हणाली, "घर का कपड़ा अंदर नहीं आना चाहिए। मुझे ख़ुद कई बार लगा था। पर सिर मैं नहीं खोलूँगी।"

"घरचे रागावतील का?" मी हिंदीत विचारलं.

"अम्मी तो कहती हैं, अस्पताल में उतार दिया कर। घर में कोई कुछ नहीं कहता। ये मेरी अपनी बात है।" मग म्हणाली, "दीदी, मुझे काउंटर पर मत भेजिए। पर्ची काटने के लिए मैंने ये सब नहीं सीखा। आठ दिन दे दीजिए।"

टेबलाशी कधीही न हलणारे तिचे हात ओढणीचं टोक पिळत होते. मी आवाज कडकच ठेवला आणि दिले म्हटलं आठ दिवस.

तेवढे दिवस ती थिएटरच्या आत आली नाही. बाहेरच्या खोलीत, जिथे चादरी आणि गाऊन वाफेवर निर्जंतुक व्हायला जातात, तिथे घड्या घालत बसली. पहिल्याच दिवशी तिचा रीतसर लेखी अर्ज आला की फाटून बाद झालेल्या थिएटरच्या दोन हिरव्या चादरी मिळाव्यात. मी सही केली. मोठ्या सर्जननी तेवढ्या दिवसांत दोन चिमटे आणि एक कात्री फेकली आणि रोज मला विचारलं, "वो लड़की कहाँ है?" मी म्हणायची, सुट्टीवर आहे असं समजा.

गुरुवारी तिने माझ्या टेबलावर एक गाठोडं ठेवलं. आत चार टोप्या होत्या. टोप्या कसल्या, कुंच्याच म्हणा, केस, कान, मान सगळं झाकून पुढून गळ्याखाली गाऊनच्या आत जातील अशा, मागे दोन बंद. शिवण इतकी बारीक की मी चष्मा लावून पाहिली. आईने मशीनवर शिवल्या होत्या, माप हिने घेतलं होतं. धुण्यात ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याने एक खूण होती. तिचं म्हणणं असं की या टोप्या इस्पितळाच्या कापडाच्या, त्या इथेच धुतल्या जाव्यात, इथेच वाफेवर जाव्यात आणि रेषेबाहेर कधी जाऊ नयेत. रुमाल ती बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत काढेल आणि तिथेच ही टोपी घालेल. आतल्या बाह्याही ती काढणार होती, कारण गाऊनला मनगटापर्यंत बाह्या असतातच. उरली हात धुण्याची पाच मिनिटं. कोपरापर्यंत उघडे हात नळाखाली धरावे लागतात आणि आमचे नळ बोळात आहेत, तिथून सगळ्यांची ये-जा असते.

"बस वहाँ एक पर्दा लग जाए, दीदी। पहियों वाला, वार्ड में जैसा होता है।"

मी त्या टोप्यांकडे बघत राहिले, कारण मला आमच्या घरातलं सोवळं आठवलं होतं. वडील विधीला निघायचे तेव्हा त्यांचं धोतर वेगळं धुतलं जायचं, छताजवळच्या दांडीवर काठीने वाळत घातलं जायचं, काठीनेच उतरवलं जायचं. ते नेसून झाल्यावर पूजा आटपेपर्यंत त्यांना कोणी शिवायचं नाही. शाळेतून आलेली मी एकदा पळत जाऊन त्यांना मिठी मारली होती आणि सगळा खटाटोप पुन्हा करावा लागला होता, आईने मला चांगलंच धोपटलं. मोठेपणी मी त्या सगळ्याला हसले. नर्सिंग शिकताना पहिल्यांदा गाऊन घातला, हात वर धरून उभी राहिले आणि बाई म्हणाल्या की आता कशालाही शिवायचं नाही, तेव्हा मात्र हसू आलं नाही. कापड कामाचं असतं, माणसाचं नसतं, हे मला माझ्या घराने शिकवलं होतं. या मुलीला सोवळं हा शब्दही माहीत नव्हता आणि तिने ते बाद चादरीतून शिवून आणलं होतं.

तिची बाजू प्रशासकांपुढे मांडायची तर नुसत्या टोप्यांनी भागणार नव्हतं, हात किती स्वच्छ होतात तेही दाखवायला हवं होतं. आमच्याकडे शिकवण्यासाठी एक पूड असते. ती हातांना चोळायची, मग नेहमीसारखे हात धुवायचे आणि अंधाऱ्या खोलीत निळ्या दिव्याखाली धरायचे. जिथे धुणं कमी पडलं तिथे पूड चमकते. मी सगळ्यांना बोलावलं, मोठ्या सर्जननाही. मनात पूर्ण खात्री होती की आज हिचे हात सगळ्यांत स्वच्छ दिसतील आणि काम फत्ते होईल.

हिचे हात पुरुषांना आत बोलावण्याआधी मी आणि एका सिस्टरने पाहिले, ते खरोखरच स्वच्छ निघाले, बोटांच्या बेचक्यांपासून कोपरापर्यंत एक ठिपका नाही. मग सर्जननी हात पुढे केले. तळवे स्वच्छ, बोटं स्वच्छ, आणि उजव्या मनगटावर चमकणारं एक कडं. त्यांच्या हातात लाल कलावा होता, पूजेत बांधतात तो. मग टेक्निशियन, त्याच्या मनगटावर तसंच कडं. मग दुसरी सिस्टर. आणि मग मी, इन्चार्ज, नियमांची लेखिका. माझं मनगट सगळ्यांत जास्त चमकलं, कारण माझ्या मनगटावर काळभैरवाचा काळा गंडा होता.

बनारसमध्ये कलावा किंवा गंडा नसलेलं मनगट शोधावं लागतं. आमच्या घरापासून भैरवाचं मंदिर चार गल्ल्या पलीकडे, तिथला काळा दोरा बांधला की वाईट काही जवळ येत नाही असं मानतात. तान्ह्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या हातात तो असतो. म्हणूनच मी बांगडी लिहिली, घड्याळ लिहिलं, बाही लिहिली आणि दोरा लिहिलाच नाही. तो काही घातलेला असतो असं मला वाटलंच नव्हतं, कातडीच वाटायची ती. हात धुताना इतकी वर्षं मी तो नुसता वर सारत आले होते, आणि तिच्या बाह्या वर सारणं मला खुपत होतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

मला वाटलं आता ही काहीतरी म्हणेल. तिला हक्क होता, मी तिच्या जागी असते तर सोडलं नसतं. तिने हात लांब करून दिवा बंद केला आणि खिडकीचा पडदा सारला. "दीदी, लैंप गरम हो गया था," ती म्हणाली, आणि टॉवेल घ्यायला निघून गेली. त्या क्षणी मला तिचा जितका आदर वाटला तितका आयुष्यात फार थोड्यांचा वाटला आहे. स्वतःची लाजही तितकीच वाटली.

आता गंडा कापायला हवा होता, आणि तो माझ्याने कापवेना. तो आईने बांधला होता. दरवर्षी नवा बांधायची, हा शेवटचा, त्यानंतर ती दोन महिन्यांत गेली. मी तो बदलला नाही. संध्याकाळी घरी जाऊन मी वडिलांना सगळं सांगितलं, दिव्याचंही आणि टोप्यांचंही. टोप्यांची गोष्ट त्यांनी दोनदा ऐकली. घरचं कापड आत नाही आणि आतलं बाहेर नाही, हे ऐकून ते खूश झाले.

"बरोबर आहे तिचं," ते म्हणाले. "आजकाल इथे सोवळं कोणाला समजतं? आणि तू त्या पोरीला काउंटरवर बसवणार होतीस."

"ते राहू द्या. गंड्याचं काय करू ते सांगा. भैरवाचा आहे, कापला तर चालेल का?"

"मला काय पूछतेस? मी सत्तर वर्षं बांधायचं काम केलं, खोलायचं नाही. तिलाच पूछ. तिला अक्कल दिसते आहे." आणि मग म्हणाले, "चाय थंडी होते आहे तुझी."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपड्यांच्या खोलीत गेले. ती घड्या घालत होती. मी मनगट पुढे केलं आणि म्हटलं, हा आईने बांधला होता, आई आता नाही, आणि कात्री लावायला माझा हात धजत नाही. एवढं कोणाला सांगावं लागलं हेच मला मुळीच आवडलं नाही.

ती उठली आणि आधी कोपऱ्यातल्या नळावर हात धुऊन आली. मी सांगितलं नव्हतं. मग बारीक टोकाचा चिमटा घेऊन माझा हात मांडीवर घेतला आणि गाठ निरखली. "अम्मा ने कसकर बाँधा है," ती म्हणाली. "काटना क्यों? खोल देते हैं।"

पाण्याने, साबणाने आणि वर्षांनी ती गाठ दगड झाली होती. तिने चिमट्याने एकेक पदर सैल करत अर्धा तास घेतला. मधे एकदाही ओढलं नाही. लहानपणी घरात तुटलेले तार जोडायचं काम तिचंच होतं, असं तिने खाली बघतच सांगितलं, केसाएवढे बारीक रेशमाचे तार. गाठ सुटली तेव्हा मनगटावर गोरा पट्टा उमटलेला होता. मी दोरा कागदात बांधून घ्यायला निघाले, तर ती म्हणाली, "दीदी, नियम तो कोहनी के नीचे का है। ऊपर का तो आपने कुछ लिखा नहीं।"

मी कपाळाला हात लावला. अनंताचा दोरा आमच्याकडे दंडावरच बांधतात, आणि हे मला सुचलं नव्हतं. दंडाला तो आखूड पडत होता. तिने टाक्यांच्या उघडलेल्या पाकिटातला उरलेला काळा रेशमी धागा घेतला, जो एरवी फेकूनच द्यायचा असतो, आणि आईच्या दोऱ्याला जोडला. दोन बोटांत काहीतरी फिरवलं आणि झालं. जोड कुठे आहे ते बोट फिरवूनही कळत नव्हतं. "हमारे यहाँ ऐसे ही जोड़ते हैं," ती म्हणाली, आणि माझ्या दंडावर बाहीच्या आत तो बांधून दिला.

शनिवारी प्रशासकांकडे बैठक झाली. तिथे प्रशासक, मोठे सर्जन, मी आणि ती होतो. प्रशासकांनी टोपी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि ती त्यांना पटली. अडचण त्यांना वेगळीच होती. ते म्हणाले, आज एकीला सवलत दिली तर उद्या सगळे मागतील, त्यापेक्षा काउंटर बरा, तिथे पगारही तोच आहे.

मी म्हटलं, "सवलत तर आतापर्यंत आम्ही घेत होतो, सर." माझी दोन पानं मी पुढे ठेवली. कोपराच्या खाली काही नको, त्याच्या यादीत मी आता दोरा, कलावा, गंडा हे तीन शब्द घातले होते. मी दिव्याखालचं सगळं सांगितलं, माझ्या मनगटासकट आणि हिने सोडवलेल्या गाठीसकट. म्हटलं, नियम मोडला म्हणून काउंटरवर पाठवायचं असेल तर पहिलं नाव माझं लिहा, मी तो हिच्यापेक्षा पुष्कळ जास्त वर्षं मोडते आहे, आणि टाके ज्यांचे चिघळले त्यांच्या टेबलाशी कोण कोण होतं तेही मग पाहावं लागेल. प्रशासकांनी शर्टाची बाही हळूच मनगटावर ओढली. त्यांचाही कलावा मला दिसला होता.

सर्जननी आपल्या कलाव्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता भडका उडणार. "ये गुरुजी का बाँधा है," ते म्हणाले. मग तिच्याकडे वळले. "सिस्टर का तुमने बिना काटे खोला?"

"जी सर।"

"मेरा भी खोल देना। ऊपर बाँध लूँगा।" आणि प्रशासकांना म्हणाले, "मेरे टेबल पर यही खड़ी होगी। बाकी आप देखिए।"

प्रशासकांनी पाहिलं. टोपी मंजूर झाली, ज्याला हवी त्याने घालावी असं ठरलं. तिची जागा कायम राहिली. पडद्याला मात्र त्यांनी नाही म्हटलं, बोळ अरुंद आहे, स्ट्रेचर जायला वाट राहणार नाही, तपासणीवाले हरकत घेतील. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, मी स्वतः तो बोळ मापला होता. मी तिच्याकडे पाहिलं. तिने टोपी उचलून तिची नीट घडी घातली. मग म्हणाली, "ठीक है, सर।" दोनच शब्द, पण घडी कमी आहे म्हणताना जो आवाज असायचा तो हा नव्हता. बाहेर आल्यावर मी म्हटलं, आपण काहीतरी करू. ती म्हणाली, "आपने बहुत किया, दीदी।" मला ते लागलं, कारण मी काहीच केलं नव्हतं. तिने रुमाल सोडला होता, बाह्या सोडल्या होत्या, चार टोप्या शिवून आणल्या होत्या, माझी गाठ सोडवली होती, आणि तिने मागितलेली एकच गोष्ट तिला मिळाली नव्हती.

सोमवारी पहिलं ऑपरेशन होतं पित्ताशयाचं. मी आधी ठरवलं होतं की चादर धरून उभी राहीन, पण चादर नळाला लागली असती तर मीच आरडाओरडा केला असता. ती बायकांच्या खोलीतून बाहेर आली, डोक्यावर हिरवी कुंची, मास्क, आणि अर्ध्या बाह्यांचा ड्रेस. हात तिने पोटाशी घट्ट घेतले होते. पलीकडच्या नळावर सर्जन हात धुऊन नुकते मोकळे झाले होते. समोरून टेक्निशियन ट्रॉली ढकलत येत होता, त्याच्यामागे भुलीचे डॉक्टर. ती नळाशी येऊन थांबली. पाणी काही तिने सोडलं नाही.

मला दुसरं काही सुचेना. मी बोळाच्या तोंडाशी गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. टेक्निशियनने माझ्याकडे पाहिलं, ट्रॉली जागच्या जागी थांबवली आणि तोही वळला. भुलीचे डॉक्टर वळले. सर्जननी दोन्ही ओले हात वर धरलेले होते, कोपरातून पाणी ठिबकत होतं, ते तसेच दोन पावलं मागे सरकले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, नाकासमोर आग विझवायचा लाल सिलिंडर. कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं.

मग नळ सुटल्याचा आवाज आला. पाठ करून उभं राहिलं की पाच मिनिटं फार मोठी असतात. ब्रशचा आवाज येत होता, आधी बोटं, मग तळवा, मग मनगट, मला आवाजावरून कळत होतं ती कुठवर पोचली ते. मधे एकदा ब्रश जरा घाईने चालू लागला, तेव्हा सर्जन भिंतीशी बोलावं तसे म्हणाले, "पूरे पाँच मिनट धोना। हमारे लिए जल्दी मत करो।" ब्रश पुन्हा सावकाश चालू लागला.

पाणी बंद झालं. तिने काहीतरी हळूच म्हटलं, बहुतेक "हो गया," आणि थिएटरचं दार उघडून मिटल्याचा आवाज आला. मी वळले तेव्हा बोळात ती नव्हती, जमिनीवर पाण्याचे थेंब होते, दारापर्यंत गेलेले. माझे डोळे भरून आले होते, पण थिएटरात तोंडाला हात लावायचा नसतो म्हणून पुसता येत नव्हते. बाकीचे तिघे अजून तसेच उभे होते. सर्जनना दाराचा आवाज ऐकू आला नसावा. हात वर धरून, तोंड भिंतीकडे करून, सबंध थिएटर ज्यांना घाबरतं त्या माणसाने मला विचारलं, "सिस्टर, अब मुड़ें?"